चूळ

रोज्याच्या दिवशी दुपारच्या, जुहरच्या नमाजाआधी माणूस मशिदीच्या हौदावर वजूला बसतो. आधी हात धुवायचे, मग तोंड. ओंजळीतलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं आणि थुंकून टाकायचं. एरवी गुळणी पार घशापर्यंत नेतात, रोज्यात तेवढं टाळतात. जिभेवर गार पाणी असतं, घसा कोरडा पडलेला असतो. त्यातला एक घोट गिळला, तरी शेजारी वजू करणाऱ्यालाही पत्ता लागणार नाही. मला विचाराल तर रमजानचा सगळा अर्थ त्या चुळीत आहे.

नमाज चारचौघांना दिसते. हजला निघालेल्याला पोचवायला मिरज जंक्शनवर अख्खी गल्ली लोटते. जकात निदान घेणाऱ्याला तरी ठाऊक असते. रोजा मात्र दिसतच नाही, कारण तो काही करण्यात नाही, न करण्यात आहे. रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन, असं अल्लाह म्हणतो, अशा अर्थाची हदीस आहे. लहानपणी त्याचं नवल वाटायचं. इबादत तर सगळीच त्याची. पुढे हौदावर बसता बसता उमगलं, की या एका इबादतीला दुसरा साक्षीदारच नाही.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी रोजे फर्ज झाले. कुरआनात त्यांचं कारण सांगितलंय ते तकवा, म्हणजे अल्लाहची जाण ठेवून स्वतःला सांभाळणं. भुकेचं कौतुक तिथे नाही. जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असं पैगंबरसाहेबांनी स्वच्छ सांगून ठेवलंय. हे मला फार मोठं वाटतं. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी वजनात मारणारा दुकानदार नुसता उपाशी राहिला, एवढंच.

भूक तशी दुपारपर्यंत दमते. तहान दमत नाही. चहाची सवय असलेल्यांचं डोकं चढतं, तंबाखू-मिश्रीवाल्यांचे पहिले चार दिवस तर बघवत नाहीत. आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळा तासणाऱ्या, लाकूड घासणाऱ्या कारागिराची तहान आणखी वेगळी, कारण अंगभर बारीक भुकटी बसलेली असते. ती नकळत घशात गेली तर रोजा तुटत नाही, एवढी सवलत शास्त्रात आहे. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं करायला घेतली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तारेचा झंकार घडवणारी जवारी अजून कानानंच लागते. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. रोज्यात दुपारनंतर हात जड होतात, पण कान लख्ख होतो, असं जुने कारागीर सांगतात. मी त्यावर विश्वास ठेवतो.

चांद्रवर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान मागे मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. थंडीचा रोजा अलगद सरतो, उन्हाळ्याचा सरता सरत नाही. 2016 चा रमजान जूनच्या सुरुवातीला लागला. चौदा तासांहून मोठे रोजे आणि पाऊस लांबलेला. त्या वर्षी आमच्या मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे जात होती. कोट्याला आतून धुतलेल्या टँकर-वाघिणी आणून त्यांत कृष्णेचं पाणी भरलं. 11 एप्रिलला पहिली दहा वाघिणींची गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली, पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. रमजान लागला तेव्हाही त्या चालू होत्या. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याचे गुनाह माफ झाले, ही हदीस लहानपणापासून ऐकलेली. पण एक अख्खं शहर तहानेलं असू शकतं, हे कोरड्या तोंडानं ती गाडी पाहिली तेव्हा अंगात उतरलं. आमची तहान मगरिबच्या अजानला संपणार होती. लातूरकरांची कधी संपणार, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रोगी इथे येतात. त्यामुळे रोजा न धरणारी माणसं इथे जवळून दिसतात, आणि मला तीही रमजानचाच भाग वाटतात. आजाऱ्यानं आणि प्रवाशानं रोजे नंतर भरून काढावेत, ज्याला ते कधीच जमणार नाही त्यानं रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, हा फिदया. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, त्रास नको, असं कुरआनातच आहे. तरी माझी फुप्पी इन्सुलिन सुरू झाल्यावर दोन रमजान चोरून पाणी प्यायली. फडताळाच्या आड उभं राहून, तोंडावर पदर घेऊन. साखर सत्तरच्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, आणि बोटाला सुई टोचून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, हे डॉक्टरांनी आणि मौलानांनी दोघांनीही समजावलं होतं. पटत होतं, पण लाज जात नव्हती.

मी तिला एकदा म्हटलं, "फुप्पी, ज्याच्या हुकमानं आम्ही चूळ थुंकतो, त्याच्याच हुकमानं तुम्ही घोट गिळता. यात चोरी कसली?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फिदयाचा हिशेब काढायला बसली. मी पैसे वाटायचं सुचवलं, तर तिनं मला गप्प केलं. म्हणाली, "पैसे नकोत. दवाखान्याच्या आवारात रोग्यांचे नातेवाईक बसलेले असतात, परक्या गावात त्यांना चूल कुठली? डबे करू. आणि तिखट बेतानं घाल, त्यांच्यात म्हातारी माणसं असतात."