दुसरा किपर

फुटबॉलच्या संघात किपरला जागा एकच. राइट बॅक दुखावला तर दुसरा कुणीतरी तिकडे सरकतो, विंगरला बदली म्हणून शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. किपर सहसा बदलत नाहीत. पहिल्याला लाल कार्ड मिळालं किंवा तो जायबंदी झाला, तरच दुसऱ्याला हाक येते. माझ्या कारकिर्दीतले बरेचसे हंगाम मी या दुसऱ्या जागेवर काढले. मुंबईची लीग, आय-लीगचा दुसरा डिव्हिजन आणि दर वर्षी घरचं कोल्हापूर, एवढ्याच वर्तुळात मी खेळलो. पण खेळलो ते पोटासाठी आणि पूर्ण मनापासून.

आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि संघ आजही त्याच नावांनी उतरतात. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पेठेच्या पेठा उठून येतात. गोल झाला तर तो स्ट्रायकरचा असतो, खाल्ला तर तो किपरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हातारीसुद्धा विचारते, "तो बॉल कसा काय सुटला रं?" समोरच्याने सहा यार्डांवरून मारला होता, हे तिला सांगून उपयोग नसतो. मला त्याचा कधी राग आला नाही. ज्या गावात आजीला मॅचचा स्कोअर ठाऊक असतो, त्या गावात किपर होणं हे भाग्यच आहे.

डाइव्ह मारायला मी शिकलो तो मात्र मैदानावर नाही. गोलपुढची माती उन्हाळ्यात सिमेंटसारखी टणक होते. तिच्यावर पोराने अंग टाकलं की कोपर फुटतं, आणि एकदा कोपर फुटलं की मनात भीती बसते. आमच्या संघाचा त्या वेळचा मोठा किपर, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणायचो, मला तालमीत घेऊन गेला. वस्तादांची परवानगी काढली, पैलवानांची मेहनत संपेपर्यंत थांबलो, आणि मग उकरलेल्या तांबड्या मातीत त्याने मला आधी गुडघ्यावर बसवून पडायला लावलं. बसून जमलं की उकिडवं, मग उभ्याने. "आधी बॉल जमिनीला टेकव, मग अंग. बॉल हा तुझा तिसरा हात आहे." पिंढरी, मांडी, कंबर, खांदा या क्रमाने अंग उतरलं पाहिजे आणि कोपर शरीराखाली येता कामा नये. महिनाभर त्याने मला शॉट असा मारलाच नाही, नुसता बॉल लोटायचा. त्या मातीला तेल-ताकाचा वास येई आणि घरी गेल्यावर कानातूनसुद्धा माती निघे. पुढे मी सर्टिफिकेटवाल्या कोचेसकडे शिकलो, पण पडायचं कसं हे मला त्यांच्यापैकी कुणाला शिकवावं लागलं नाही.

दादा स्वतः तेव्हा खेळत होता. म्हणजे ज्या पोराला तो घडवत होता, तो पोरगा उद्या त्याचीच जागा मागणार हे त्याला दिसत होतं. तरी त्याने हात आखडता घेतला नाही. किपरांमध्ये हे सगळीकडे बघितलं. खालच्या लीगमधल्या संघांना गोलकीपिंग कोच परवडत नाही, किंवा परवडला तरी तो खर्च कुणी धरत नाही. बाकीचा संघ पासिंगचा सराव करत असताना दोन किपर एका कोपऱ्यात एकमेकांना बॉल मारत बसतात. जे येतं ते एकमेकांकडूनच येतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली ती एका संस्थेच्या संघाच्या ट्रायलसाठी. मुंबईत रेल्वे, बँका, एअर इंडिया यांच्या संघांची मोठी परंपरा. खेळाडूला खरं हवं असतं ते त्यातलं कायम नोकरीचं पत्र. मला मिळाला तो हंगामाचा करार. परळमध्ये गाववाल्यांच्या खोलीत राहायचं, सकाळी सराव, दुपारी कूपरेजवर मॅच. तिथल्या कृत्रिम टर्फवर बॉल टप्पा घेताना दगा देत नाही, पण कातडी सोलवटून निघते. कंबरेच्या खाली तळहाताएवढी जखम बरी होण्याआधीच पुढची मॅच येते, म्हणून आम्ही पँटच्या आत सायकलिंग शॉर्ट्स घालायचो आणि जखमेवर व्हॅसलिन चोपडायचो.

ग्लोव्हजचं मात्र मी कुणाचं ऐकत नसे. चांगल्या ग्लोव्हजच्या तळव्याला मऊ लेटेक्स असतं. ते जितकं मऊ तितकी पकड चांगली आणि तितकंच ते लवकर झिजतं. मॅचची जोडी वेगळी, सरावाची वेगळी. मॅच झाली की त्याच रात्री कोमट पाण्यात बोटांनी हलकं चोळून माती काढायची, पिळायचं नाही, उन्हात तर मुळीच नाही, सावलीत टांगायचं. पुढच्या मॅचआधी तळवे जरासे ओले करून घ्यायचे, कोरडं लेटेक्स बॉल धरत नाही. खोलीतल्या दोरीवर सगळ्यांचे बनियन आणि मध्ये माझे ग्लोव्हज असत.

महाराष्ट्रातले मोठे क्लब ज्या वर्षांत बंद पडले ती वर्षं मला तोंडपाठ आहेत. 2010 साली महिंद्रा युनायटेड. 2015 साली पुणे एफसी, जो दोनच वर्षांपूर्वी आय-लीगमध्ये दुसरा आला होता. 2017 साली डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसीही वरच्या लीगमधून गेले. वर्तमानपत्रात दोन कॉलमची बातमी येते आणि विषय संपतो. पण असा एक क्लब मिटला की त्याचे किपर एकदम रिकामे होतात. त्यांनाही घर चालवायचं असतं. ते एक पायरी खाली येतात, तिथला पहिला किपर दुसरा होतो, दुसरा तिसरा होतो आणि तिसऱ्याला घरी जावं लागतं. स्ट्रायकर तीन-चार मावतात एका संघात, त्यामुळे तो धक्का थोडा वाटून जातो. किपरांना तो सरळ बसतो. एका हंगामात पहिल्या नंबरचा म्हणून माझं नाव जवळपास पक्कं झालं होतं आणि जुलैमध्ये वरच्या क्लबातून एक अनुभवी किपर आला. माणूस उत्तम, खेळही माझ्यापेक्षा सरस. मी पुन्हा बाकावर.

दुसऱ्या किपरचं काम बाहेरून दिसत नाही. मॅचआधी पहिल्याला गरम करणं त्याच्या हातात असतं. सुरुवातीला हातात येतील असे सोपे बॉल, मग दोन्ही बाजूंना, मग क्रॉस, शेवटी दोन-तीन जोरात, आणि त्यातला शेवटचा त्याला अडवता आला पाहिजे असाच मारायचा. गोल खाऊन माणूस मॅचला जाऊ नये. समोरच्या संघातला कोण कॉर्नर आत वळवतो, पेनल्टी मारणारा धावताना कुठे थबकतो, हे मी वहीत लिहून ठेवायचो आणि बसमध्ये त्याला वाचून दाखवायचो. तो शांतपणे ऐकायचा, कधी म्हणायचा, "हे परत सांग."

दुसऱ्या डिव्हिजनच्या एका मॅचला पहिल्या अर्ध्या तासात आमच्या पहिल्या किपरला लाल कार्ड मिळालं. सुटलेल्या फॉरवर्डला अडवताना पाय लागला, पेनल्टी. आमचा एक मिडफिल्डर बाहेर आला आणि मी थंड अंगाने आत गेलो. पहिलंच काम ती पेनल्टी. रेफ्री जवळ येऊन बजावून गेला की बॉल मारेपर्यंत एक पाय लाइनवर हवा. 2019पासून नियम तसा आहे. वहीत त्या खेळाडूची नोंद डावीकडे अशी होती. मी डावीकडेच गेलो, तोही तिकडेच मारत होता, पण बॉल खांबाला लागून आत गेला. अकरा मीटरवरून नीट मारलेला बॉल जायचाच. त्यानंतरचा तासभर मात्र माझा होता. दहा जणांनिशी खेळताना कॉर्नरवर कॉर्नर येत राहिले आणि मी ओरडून ओरडून बचाव लावत राहिलो. मध्यंतरात पहिला किपर ड्रेसिंग रूममध्ये माझी वाट बघत होता. डोळे लाल झालेले, पण बोलला फक्त कामाचं: "त्यांचा नऊ नंबर तुझ्या अंगावर उभा राहतोय, कॉर्नरला एक पाऊल पुढे थांब." मी थांबलो. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही आणखी गोल खाल्ला नाही.

तो परतला तेव्हा मी पुन्हा बाकावर बसलो. त्यात अन्याय नव्हता.

एका क्लबात खांदा निखळला तेव्हा उपचाराचं बिल कुणी भरायचं यावर महिने गेले आणि शेवटी ते बाबांनी भरलं. खालच्या लीगमध्ये करार दोन पानांचा असतो आणि त्यात दुखापतीची ओळ नसते. आता कुणी पोरगा करार घेऊन आला की मी आधी ती ओळ शोधतो.

कोल्हापुरात परत आल्यापासून मी खेळतो तसं शिकवतोही. फुटबॉल महासंघाचा गोलकीपिंगचा लेव्हल वन कोर्स करायचा आहे, त्याची तयारी चालू आहे. आमच्या संघांमध्ये बाहेरून फॉरवर्ड आणायला पैसे उभे राहतात, वर्गणी निघते, पेठेतला एखादा दुकानदार हात सैल सोडतो. किपरसाठी कोच ठेवा म्हटलं की सगळे हसतात. मला हे अजिबात पटत नाही. एक मॅच वाचवणारा माणूस पाच-सहा वर्षांनी तयार होतो आणि तो विकत आणता येत नाही. सकाळी माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये एक आठवीतला आहे, हात लांब, पाय हलके, क्रॉसला मात्र घाबरतो. सध्या त्याच्यावरच मेहनत चालली आहे. वर उडी घेताना पुढचा गुडघा उचलला की समोरचा अंगावर येत नाही, हे त्याला पटायला लागलंय.

येत्या हंगामासाठी मी संघाच्या कमिटीपुढे दोन गोष्टी मांडल्या आहेत. या पोरांना वर्षाला दोन जोड्या ग्लोव्हज, आणि किपरांसाठी आठवड्यातून तीन दिवस मानधनावर कोच, मग तो मी असो की दुसरा कुणी. ग्लोव्हजना त्यांनी होकार दिला आहे. मानधनाचं पुढच्या बैठकीत निघेल.