भाऊनं सांगितलेला बाँड

३० सप्टेंबर २०२१ ला ‘नो टाइम टू डाय’ भारतात लागला, पण महाराष्ट्रात लागला नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बंद झालेली आपल्याकडची चित्रपटगृहं उघडली ती २२ ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. डॅनियल क्रेगचा हा शेवटचा बाँड आधीच एप्रिल २०२० पासून पुढे ढकलला जात होता. दीड वर्ष थांबलेल्या माणसाला आणखी तीन आठवडे जड नव्हते. पण तेवढ्यात हैदराबाद, दिल्ली, बंगळुरूची मंडळी सिनेमा पाहून मोकळी झाली होती आणि नागपूरच्या रामदासपेठेतले आम्ही मोबाइल उघडायला धजत नव्हतो. ग्रुपवर कुणी ‘शेवट’ एवढा शब्द लिहिला तरी बाकीचे त्याच्यावर तुटून पडत.

बाँडसाठी थांबण्याची सवय माझ्या पिढीला लहानपणापासूनच आहे. परदेशात लागलेला इंग्रजी सिनेमा भारतात यायला तेव्हा महिने लागायचे, कधी त्याहून जास्त. आधी मुंबई, तिथं भरपूर चालून रिळांच्या पेट्या मोकळ्या झाल्या की मग नागपूरसारख्या शहरांची पाळी. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ आमच्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी त्याची बातमी पोचली होती, कारण त्यातला बराचसा खेळ उदयपूरला झाला होता. पिचोला तलावातला राजवाडा, कबीर बेदी, टेनिसपटू विजय अमृतराज, आणि ऑटोरिक्षांचा पाठलाग! रॉजर मूर आपल्या देशात येऊन रिक्षात बसतो, या एका गोष्टीवर आमची सुट्टी निघाली.

तेव्हाची रामदासपेठ म्हणजे बंगल्यांची वस्ती. पुढे अंगण, मागे पेरू, आणि रस्त्याला लागून कमरेएवढी कंपाउंडची भिंत. संध्याकाळी बसायची जागा तीच. शेजारच्या बंगल्यातला इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, मुंबईला इंटरव्ह्यूला गेला आणि ‘ऑक्टोपसी’ पाहून आला. हावडा मेलनं सकाळी उतरला आणि संध्याकाळी भिंतीवर बसून त्यानं सिनेमा सांगायला घेतला.

सुरुवातीचं ते चिमुकलं जेट विमान हँगरच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडतं, ते त्यानं दोन तळहातांवर दाखवलं. अमृतराज रॅकेटनं गुंड झोडपतो हे दाखवायला आमच्याच घरातून बॅडमिंटनची रॅकेट मागवली. आणि कबीर बेदीचा गोविंदा जुगाराचे फासे नुसत्या मुठीत दाबून त्यांचा भुगा करतो, त्या जागी भाऊ थांबला. खाली वाकून गुलाबाच्या आळ्यातलं मातीचं वाळलेलं ढेकूळ उचललं, आमच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहिलं, मूठ आवळली आणि बोटांतून माती सोडली. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “मंग काय झालं भाऊ?” भाऊनं हात झटकले आणि आधी पाणी मागितलं.

ही सांगण्याची कला त्यानं कुठून घेतली ते आम्हाला ठाऊक होतं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप भाड्याच्या लायब्ररीतून आणून आम्ही वाचलेले. प्रकरण कुठं तोडायचं हे त्या पुस्तकांनी शिकवलं. बाँड आला तेव्हा आमच्या मनातल्या गुप्तहेराला मराठी चांगलंच येत होतं.

भिंतीवर आम्ही मुलं आणि मागे व्हरांड्याच्या जाळीआड ताई आणि तिच्या मैत्रिणी. मुलींनी बाँडचा सिनेमा पाहायचा नाही, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. ताईला ‘ऑक्टोपसी’ मिळाला तो भाऊच्या तोंडूनच. याचा सल तिनं नंतर पुष्कळदा बोलून दाखवला, आणि तो खरा आहे. जुन्या दिवसांचं कौतुक करताना ती जाळी विसरून चालणार नाही.

पुढे सिनेमा नागपुरात आला तेव्हा आम्हाला सगळं माहीत होतं, आणि तरी आम्ही धावलो. पट्टी इतकी झिजलेली की पडद्यावर पाऊस पडत होता, उच्चार निम्मे कळत नव्हते. उदयपूरची रिक्षा उडाली तेव्हा खालच्या वर्गातून शिट्ट्यांचा असा जोर झाला की पुढचे संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. फाशांचा प्रसंग जवळ आला तशी आमची अख्खी रांग सरसावून बसली, आणि गोविंदानं हात पुढे करण्याआधीच आम्ही ओरडलो. भाऊच्या सांगण्यात तो प्रसंग किती वेळ चालला होता! पडद्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपला.

मग महिनाभर पानठेल्यावर भांडण. त्याच वर्षी शॉन कॉनरी बारा वर्षांनी ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मधून परतला होता, म्हणजे एका वर्षात दोन बाँड. मूर हसतो फार, कॉनरी मारतो खरं. मूर पंचावन्नचा झाला. झाला तर झाला, कोट बघ ना त्याचा! ज्यानं कॉनरीचा एकही सिनेमा पाहिला नव्हता तोही त्याच्या बाजूनं तावातावानं बोले. फार ताणलं की ठरलेलं वाक्य यायचं, “स्वतःले जेम्स बाँड समजून राहिला का बे?” आणि हशा व्हायचा. सिनेमा कसा वाटला हे त्या भांडणातच ठरायचं. दुपारी न आवडलेला सिनेमा रात्री आवडलेला असायचा, कारण मध्ये कुणीतरी एखादी जागा अशी समजावून दिलेली असे.

आता तसं होत नाही. शुक्रवारी सकाळी पहिला खेळ सुटायच्या आत किती तारे ते मोबाइलवर आलेलं असतं, आणि थिएटरातून बाहेर पडणारा माणूस आपलं मत त्याच्याशी जुळवून घेतो. मला याचं वाईट वाटतं. पण आजच्या पोरांची नजर तयार आहे, हेही मी पाहतो. २०१५ मध्ये सेन्सॉरनं ‘स्पेक्टर’मधली चुंबनं छाटली, तर दुसऱ्या दिवशी देशभर आरडाओरडा झाला. आमच्या वेळच्या पट्टीतून काय काय गळालं होतं याचा पत्तासुद्धा आम्हाला नसे. ताईच्या मुलाला मी ‘ऑक्टोपसी’ हौसेनं दाखवला, तर उदयपूरच्या बाजारातले खिळ्यांवर झोपलेले साधू आणि तलवार गिळणारे पाहून तो म्हणाला, “मामा, हा भारत आहे की सर्कस?” आमच्या खेळाला त्याच दृश्यांवर टाळ्या पडल्या होत्या. भाच्याचं बरोबर आहे.

हा भाचा हैदराबादला नोकरी करतो, ताई त्याच्याकडेच असते. ‘नो टाइम टू डाय’ दोघांनी पहिल्याच आठवड्यात पाहिला. जाळीआडून बाँड ऐकणारी मुलगी चाळीसेक वर्षांनी मधल्या रांगेत बसून, पॉपकॉर्न खात बाँड पाहून आली, याचा मला झालेला आनंद मोठा आहे. तिनं घरी येताच मला फोन लावला, “ऐक, इटलीतल्या गावात गाडी चौकात अडकते, चहूबाजूंनी गोळ्या...” आणि भाच्यानं फोन हिसकावला. “मामा, तुमचं पाहून होईपर्यंत आई तुम्हाला फोन करणार नाही.” खरंच तीन आठवडे केला नाही.

त्या पोराची माया मला कळली. भाऊनं सगळं सांगितलं ते प्रेमापोटी, भाच्यानं काहीच सांगू दिलं नाही तेही प्रेमापोटीच. तरी मला राहून राहून वाटतं, ताईला बोलू द्यायला हवं होतं. भाऊनं काय घडतं ते सांगितलं तरी आमचं काही गेलं नव्हतं, कारण कसं घडतं यासाठी तो जीव ओतत होता. त्या ढेकळानं ‘ऑक्टोपसी’ आमच्यासाठी वाढवला. आजची भीती वेगळ्या गोष्टीची आहे: चार शब्दांत शेवट उरकून टाकणाऱ्याची. तो खरोखर सिनेमा मारतो. म्हणून क्रेगच्या बाँडचं काय झालं ते मी इथेही लिहीत नाही. लिहून सांगण्यासारखं ते नाही.

२२ ऑक्टोबरनंतर सीताबर्डीवर जाऊन मी सिनेमा पाहिला, एक खुर्ची सोडून एक. १६३ मिनिटं. शेवटाला कुठून तरी हुंदका ऐकू आला, पण मधल्या खुर्च्या रिकाम्या आणि तोंडावर मास्क. कोण रडतंय ते कळलं नाही, बोलायला कुणी थांबलंही नाही. सेंट्रल बझार रोडनं घरी आलो. जुने बंगले गेले, त्या जागी दवाखाने आणि फ्लॅटच्या इमारती आहेत. कंपाउंडच्या भिंतींना वर टोकदार सळया लावल्यात. रात्री ताईशी दीड तास बोललो तेव्हा कुठं सिनेमा पाहिल्यासारखं वाटलं.

आता बाँडची सूत्रं २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या हाती गेली, दिग्दर्शक म्हणून डेनिस व्हिलनवचं नाव जाहीर झालं, आणि नवा बाँड कोण यावर घरोघरी पैजा लागल्या. माझं मत पक्कं आहे: चेहरा अनोळखी हवा. १९६२ मध्ये ‘डॉ. नो’ आला तेव्हा कॉनरीला जगात कोण ओळखत होतं? भाच्याला हे पटत नाही, त्याला नाववाला नट हवा आहे, आणि यावरून आमचं फोनवर जुंपतं. नवा सिनेमा तिघांनी नागपुरातच पाहायचा असं ताईनं ठरवून टाकलंय. अट एकच, सिनेमा सुटल्यावर कुणी लगेच गाडी काढायची नाही. आधी पानठेला.