ऊन संपायच्या आत

बेळगावला संध्याकाळी गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या रात्री ती आपल्याला ग्वाल्हेरला उतरवते. गेल्या डिसेंबरच्या अखेरीस कॉलेजला सुटी लागली आणि मी आत्याकडे निघाले. झाशीनंतर खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही दिसेना. स्टेशनवर आतेभाऊ कानटोपी घालून उभा होता. "स्वेटर किती आणलेस?" हा दादाचा पहिला प्रश्न. आपली बेळगावची थंडी शाल पांघरून मिरवायची. इथली हाडांत शिरते. जानेवारीच्या सुरुवातीला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो.

आत्याचं घर लष्करमध्ये. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी सैन्याचा तळ दिला आणि त्या तळाचंच पुढे शहर झालं, म्हणून हे नाव. फालका बाजार, शिंदे की छावनी, महाराज बाडा ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकली की आपलेच फाळके आणि आपलाच वाडा हिंदी पोशाखात भेटल्यासारखे वाटतात. आत्याची मराठीही तशीच. लग्न होऊन ती इथे आली त्याला आता साठ वर्षं होत आली. विणायला ती इथेच सासूबाईंकडून शिकली, म्हणून सुयांना ती सलाया म्हणते, टाक्यांना फंदे आणि लोकरीला ऊन. घरात दोन्ही भाषा नांदतात. त्यामुळे "ऊन संपलं" असं गच्चीवरून ऐकू आलं की सूर्य ढगाआड गेला की लोकर संपली, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

या वेळी तिच्या हातात काळं ऊन होतं. संक्रांतीला तिचा अडीच वर्षांचा पणतू बंगळुरूहून येणार होता आणि त्याचं बोरन्हाण व्हायचं होतं. आपल्याकडे बोरन्हाणाला काळं झबलं चालतं. ग्वाल्हेरच्या थंडीत त्यानं काय भागणार? म्हणून या घरातल्या प्रत्येक मुलासाठी काळा स्वेटर विणला जातो आणि त्यावर हलव्याच्या दाण्यांसारख्या पांढऱ्या लोकरीच्या गाठी घालतात. गेल्या वर्षीही आत्यानं तो विणला होता, पण ऐन वेळी मंडळींचं येणं रद्द झालं. तिनं ट्रंकेतून काढून मला दाखवला. कोरा करकरीत.

"छातीत दोन इंच कमी पडतो आता," ती म्हणाली. "मूल काही माझ्या सलायांसाठी थांबत नाही."

चौदा जानेवारी ही तारीख काही पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. त्यात आत्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख तिनं मुद्दाम संक्रांतीनंतरची मागून घेतली होती. ज्यांनी काळी लोकर विणली आहे त्यांना ठाऊक असेल, दिव्याच्या उजेडात काळ्यावरचा टाका तरुण डोळ्यांनाही दिसत नाही. आत्या मांडीवर पांढरा पंचा अंथरून बसे. त्या पांढऱ्यावर सुईतले टाके जरा उठून दिसतात. तरी उजेड हवा तो उन्हाचाच. धुकं विरून गच्चीवर ऊन यायला अकरा वाजत आणि अडीचला ते शेजारच्या घरामागे जाई. म्हणजे दिवसाला साडेतीन तास.

आणि नेमके तेच तास स्वयंपाकाचे. वहिनी शाळेत शिकवते, तिला घरी यायला तीन वाजतात. दादा एक वाजता जेवायला येतो आणि त्याला फुलके गरम लागतात. आत्या गच्चीवर जाऊन बसते न बसते तोच खाली कुकरची शिट्टी. मग धुणंवाली. मग सिलिंडरवाला. मी सहज मोजलं. चौऱ्याऐंशी टाक्यांची एक ओळ विणायला तिला सहा मिनिटं लागत. साडेतीन तासांत पस्तीस ओळी व्हायला हव्यात. होत होत्या बारा-तेरा. बाकीच्या जिन्यात जात होत्या.

मी गेले तेव्हा पाठ पूर्ण होती आणि पुढचा भाग नुकता सुरू झाला होता. हिशोब काही जमेना. म्हणून एका रात्री सगळे झोपल्यावर मी ट्यूबलाइटखाली बसून तिच्या सुयांवर चौदा ओळी विणून टाकल्या. मोठ्या ऐटीत झोपले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आत्यानं विणीवरून बोटं फिरवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुई काढून सरळ उसवायला घेतलं.

"तुझा हात सैल आहे गं," गुंडा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली. "एका स्वेटरला एकच हात लागतो. आणि बघ, एक फंदा सुटलाय खाली."

माझ्या मदतीनं तिचा निम्मा दिवस गेला. त्यानंतरचे दोन दिवस तर ऊन पडलंच नाही. सगळं लष्कर धुक्यात बुडालेलं. आत्या ओसरीवर लोकर मांडीवर घेऊन नुसती बसून होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

एक जानेवारीला आकाश उघडलं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "आत्या, स्वयंपाक मी करते. अडीचपर्यंत तू खाली यायचं नाहीस."

ती जिन्यात घुटमळली. "दादाचे फुलके..."

"माझे फुलके गोल होतील तसे तो खाईल."

गेली. पण दर दहा मिनिटांनी गच्चीवरून आवाज येई, "आमटीत गूळ घातलास का?" दुसऱ्या दिवशी आवाज कमी झाले. तिसऱ्या दिवशी दादानं आपणहून दार उघडायचं आणि धुणंवालीशी बोलायचं काम घेतलं. ओळी तीसपर्यंत गेल्या. दुपारी वहिनी शाळेतून आली की आधी गच्चीवर जाऊन किती झालं ते बघून येई. मेळ्याचे दिवस होते. शेजारणी म्हणाल्या, तिथे तयार स्वेटरांचे ढीग पडलेत, एवढा जीव कशाला काढायचा? आत्या नुसती हसली.

पहिली बाही सुरू झाली आणि लोकर पुरणार नाही हे तिच्या लक्षात आलं. बाड्याजवळच्या दुकानातून मी त्याच कंपनीची काळी लोकर आणली. लॉट वेगळा निघाला. दुकानात काळी दिसलेली ती गच्चीवर निळसर दिसू लागली. मी हिरमुसले. आत्यानं मात्र दोन ओळी जुनी लोकर, दोन ओळी नवी अशी बाही विणायला घेतली आणि रंगातला फरक त्यातच मिसळून गेला.

पाच तारखेला मी परत निघाले तेव्हा ती बाही अर्धीच झाली होती. दुसरी बाही, गळा आणि पांढरे दाणे बाकी होते. गाडीत बसल्यावर मनात आलं, विणणाऱ्या बाईला आपण किती सहज म्हणतो, बसल्या बसल्या विणते. बसायला मिळतं कुठे? मुदत तिची असते, पण वेळ सगळ्या घराच्या हातात असतो.

तेरा तारखेला संध्याकाळी फोन वाजला.

"ऊन पुरलं गं," आत्या म्हणाली. कोणतं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादानं मोबाइलवर फोटो पाठवला. काळ्या स्वेटरवर पांढरे दाणे, गळ्यात हलव्याचा हार आणि पणतू त्यातलाच एक दाणा दातांनी तोडतोय. दोन्ही बाह्या मनगटाशी दुमडलेल्या दिसल्या. माप चुकलं की काय म्हणून मी फोन केला.

"चुकलं कसलं? मुद्दाम दोन इंच जास्त विणल्यात. दादानं शेवटचे तीन दिवस मला खाली येऊच दिलं नाही, मग वेळ उरला. पुढच्या वर्षी उलगडता येतील."