आईचा निर्देशांक

ऑगस्ट 2018 मध्ये केंद्र सरकारच्या 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांकात पुणं पहिलं आलं. 111 शहरांत पहिलं! नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. ऑफिसातल्या मुंबईकरांना मी हे चहाच्या वेळी रोज ऐकवत होतो. पुणेकराला एवढं निमित्त पुरतं.

त्याच पावसाळ्यात आमची आई लायब्ररीतून परत येताना फुटपाथच्या उचकटलेल्या फरशीला अडखळून पडली. उजवं मनगट मोडलं.

परवा कपाट आवरताना त्या वेळच्या बिलांची फाईल सापडली. एक्स-रे, प्लॅस्टर, मग फिजिओथेरपी. शिवाय रिक्षाचे पैसे आणि स्वयंपाकाच्या बाईंचा पगार. बघता बघता लक्षात आलं, की हिशोबाच्या नियमांप्रमाणे हा सगळा खर्च जीडीपीत धरला जातो. म्हणजे आई पडली आणि अर्थव्यवस्था वाढली! आईने चाळीस वर्षं घरचा स्वयंपाक केला, त्याचे त्यात शून्य. तिचा हात मोडल्यावर बाई ठेवल्या, तेव्हा मात्र भर.

आणि गेलं काय? रोज संध्याकाळी लायब्ररी, वाटेत कट्ट्यावर मैत्रिणी, येताना भाजी. हे सगळं बंद झालं. हात दोन-अडीच महिन्यांत बरा झाला, पण धीर गेला तो गेलाच. "तू आलास की जाऊ," एवढंच म्हणायची. मी यायचो रात्री नऊला. तोवर लायब्ररी बंद.

हे काही मला एकट्याला सुचलेलं नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे ठरवू नका. 1990 मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आलं. 2018 च्या आपल्या यादीत तर 78 निकष होते.

पण निकष वाढवून भागत नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. एका प्रोजेक्टमध्ये 'आठवड्यात किती बग बंद केले' यावर आमचं मूल्यमापन व्हायचं. मग काय, लोकांनी एका बगचे तीन करून नोंदवायला सुरुवात केली. डॅशबोर्ड हिरवागार, आणि कस्टमरची ओरड तशीच! आम्ही आमचं काम मोजत होतो, त्याची अडचण नाही.

मोजणी उलट्या टोकाने सुरू करावी लागते. हे आपल्या पुण्यातच कोणीतरी करून ठेवलंय. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी उत्पन्न किती वाढलं, यापाशी ते थांबले नाहीत. माणसाला दिवसाला 2250 कॅलरी मिळतील एवढं अन्न लागतं, ते किती जणांना परवडत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं निघालं, की वाढ झाली, पण फायदा मुख्यतः वरच्या थरांतच राहिला. सरासरीत हे दिसलंच नसतं.

पुढच्या 'ईज ऑफ लिव्हिंग' यादीत नागरिकांच्या मताला 30 टक्के वजन दिलं गेलं. मार्च 2021 मध्ये ती जाहीर झाली. मोठ्या शहरांत बंगळुरू पहिलं, पुणं दुसरं. (सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या माझ्या मित्राला मी लगेच अभिनंदनाचा फोन केला. :-) ) असो. गंमत सोडली तर लोकांना विचारणं ही सुधारणाच होती.

मग मीही एका रविवारी आईला विचारलं. वही घेऊन तिच्याबरोबर लायब्ररीपर्यंत चालत गेलो. जिथे जिथे तिने माझा दंड धरला, तिथे खूण केली. नऊ खुणा झाल्या. कुठे फरशी नाही, कुठे फुटपाथवरच मोटारसायकली, एका ठिकाणी उतरायला गुडघ्याएवढी पायरी. मी त्याच रस्त्याने रोज जातो, पण मला यातलं एकही कधी दिसलं नव्हतं. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर हीच आई माझ्या पुढे चालते. म्हणजे दोष तिच्या वयाचा नव्हता.

नऊ जागांचे फोटो काढून लेखी अर्ज दिला. चार वेळा आठवण केली. आत्तापर्यंत तीन जागा नीट झाल्यात, सहा बाकी आहेत.

गेल्या बुधवारी आईला फोन केला तर उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मी घाबरलोच. पाऊण तासाने तिचाच आला. "अरे, लायब्ररीत होते. तिथे फोन बंद ठेवायला सांगतात ना!"

"कोणाबरोबर गेलीस?"

"कोणाबरोबर म्हणजे? एकटी."

तर आमच्या घरचा निर्देशांक हा असा : आईच्या लायब्ररीतल्या एकटीने केलेल्या फेऱ्या, दर आठवड्याला. 2018 च्या आधी 6. मग कित्येक वर्षं 0. सध्या 1.

उरलेल्या सहा जागांसाठी सोमवारी परत जायचंय.