मामांची केबिन

आईवडील आणि मला पहिल्यांदा सुई धरायला शिकवणाऱ्या सिस्टर यांच्यानंतर माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते एका ट्रकचालकाचं. आलापल्लीत त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी मोटरसायकलवर फिरते आणि आजही धडधाकट आहे. त्याचं श्रेय मी मामांना देते.

गर्दीची वाहतूक म्हटली की लोकांना पुण्या-मुंबईचे चौक आठवतात. आमची गर्दी जंगलातली आहे. आलापल्लीहून एटापल्ली आणि पुढे हेडरी, सुरजागड हा रस्ता पूर्वी एसटी, लाकडाचे ट्रक, बैलबंड्या आणि मोहफुलांच्या टोपल्या घेऊन चालणाऱ्या माणसांचा होता. २०२१ नंतर सुरजागडच्या पहाडीवरून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागलं आणि या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. एखाद्याचा पाटा तुटला, एखादा साइडपट्टीवरून घसरून चिखलात रुतला, की दोन्हीकडची वाहनं खोळंबतात. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात लाल चिखल. त्या रांगेतून वाट काढत शाळकरी पोरं, गुरुजी, बाळंतिणीला भेटायला निघालेला नवरा आणि आम्ही आरोग्यवाले दुचाकीवर जात असतो.

तो लसीकरणाचा दिवस होता. पाठीमागे लसींचा डबा बांधलेला, आत बर्फाचे चार पॅक, आणि गावात अंगणवाडीत पोरांना घेऊन बसलेल्या आया. रांग हलायचं नाव घेत नव्हती. मी गाडी बाजूला लावून रांग कधी सुटेल याची चौकशी करत उभी होते, तेव्हा शेजारच्या ट्रकच्या केबिनमधून आवाज आला, "बाई, चढा वर. पाच मिनिटं बसा माझ्या जागेवर."

मामा तोवर अर्धं आयुष्य स्टीअरिंगवर घालवून बसले होते. तरुणपणी आलापल्लीच्या डेपोतून सागवानाचे लठ्ठे वाहायचे, नंतर खनिज. त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली उतरले. डाव्या दाराला लागून उभे राहिले. मला दिसेनात. ट्रकच्या नाकापुढे येऊन उभे राहिले, तरी दिसेनात. मागच्या चाकांजवळ गेले आणि आरशात फक्त त्यांच्या डोक्यावरचा गमछा दिसला. मग वर येऊन म्हणाले, "तुमाले ट्रक दिसतो. ट्रकवाल्याले तुमी दिसता का, हे पाहा आधी."

त्या दिवशी लस वेळेत पोचली. रांग सुटेपर्यंत मामांनी जे सांगितलं, ते मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

पहिली गोष्ट डाव्या बाजूची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू त्याच्यासाठी जवळजवळ आंधळी. पूर्वी तिथे क्लीनर बसून बाहेर नजर ठेवायचा. आता कित्येक ट्रक क्लीनरशिवाय धावतात. आणि दुचाकीवाले तर नेमके डावीकडूनच, साइडपट्टीवरून घुसतात. ट्रक डावीकडे वळला की पुढची चाकं रुंद फिरतात, मागची आतून कापत येतात. मामांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "ट्रक अन् नाली, यांच्या मधात माणसानं जाऊच नये."

दुसरी गोष्ट जागेची. हिशेब मी घरी जाऊन कागदावर केला. आपल्या नियमांनुसार ट्रकची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. दुपदरी रस्ता ७ मीटरचा धरला, तर समोरासमोर आलेल्या दोन ट्रकांना ५.२ मीटर लागतात. उरले १.८ मीटर, तेही दोन कडा आणि मधली फट यांत वाटलेले. त्यातून बाहेर आलेले आरसे वजा करा. रस्ता साडेपाच मीटरचा असेल, तर उरतात फक्त ३० सेंटीमीटर. माझं हँडलच त्याहून कितीतरी रुंद, त्यावर मागे डबा. म्हणून दोन्हीकडचे ट्रक चालू असताना मधून जायचा विचारच करायचा नाही.

रांग पूर्ण थांबलेली असेल तरच पुढे सरकायचं, तेही माणूस झपझप चालतो तेवढ्याच वेगानं. एका वेळी एकच ट्रक ओलांडायचा आणि त्याच्या पुढे शिरायला मोकळी जागा आहे याची खात्री आधी करायची. आरशात चालकाचा चेहरा दिसला, तरच त्यालाही आपण दिसू शकतो. इंडिकेटरवर भरवसा नको, पुढची चाकं कुठे वळली आहेत ते पाहायचं. एअर ब्रेकचा फुस्स आवाज आला की चालकानं पाय उचलला असं समजायचं आणि आहे तिथे थांबायचं. आणखी एक गोष्ट, जी खनिजाच्या रस्त्यावरच कळते: लोहखनिज इतकं जड की ट्रक पुरता भरला तरी डाला अर्धा रिकामा दिसतो. लोक त्याला रिकामा समजून पुढे घुसतात. तीस टनांहून जास्त वजन मनात आलं तरी लगेच थांबत नाही.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं २०१६ मध्ये कायदा करून रांगांमधून मोटरसायकल नेण्याला मान्यता दिली. तिथल्या बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता: भोवतालची वाहतूक ताशी पन्नास मैलांहून वेगवान नसावी आणि आपला वेग तिच्याहून ताशी पंधरा मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. मात्र तिथले रस्ते आखलेल्या पट्ट्यांचे. आमच्या रस्त्यासाठी मामांचं चालण्याच्या वेगाचं माप मला जास्त खरं वाटतं.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हे आकडे माझ्यासाठी कागदावरचे नाहीत. हेल्मेट डोक्याऐवजी हँडलला अडकवलेली तरुण पोरं मी स्ट्रेचरवर घेतली आहेत.

मामा आता गाडी चालवत नाहीत. आलापल्लीत घराच्या ओसरीवर बसतात, मी रक्तदाब तपासायला थांबते. काही द्यायला गेले तर घेत नाहीत. चहा मात्र पाजल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून ते ऋण मी दुसरीकडे फेडते. गावात कुणाच्या घरी नवी मोटरसायकल आली की लसीकरण उरकून त्या पोराला थांबवते आणि मामांचं सगळं सांगते. हेल्मेटचा आयएसआय शिक्का पाहते, पट्टा हनुवटीखाली आवळायला लावते. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर उचलायला घाबरू नका, मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्याचं संरक्षण दिलं आहे, हेही सांगते.

२०२५ च्या जुलैमध्ये हेडरीपासून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली आणि बरंचसं खनिज आता नळातून जातं. तरी ट्रक संपलेले नाहीत आणि दुचाक्या तर वाढतच आहेत. ट्रकमालकांना आणि चालकभावांना माझी विनंती आहे: गाडी उभी असेल तेव्हा गावातल्या पोरांना एकदा वर बोलवा, आपल्या जागेवर बसवा, तुम्हाला काय दिसत नाही ते त्यांना पाहू द्या. पाच मिनिटं लागतात.