सातपाटीच्या धक्क्यावरची शिडी

मुलांनो, पापलेट कुणाकुणाला आवडतं? हात वर! आमच्या वर्गात विचारलं, तेव्हा तीन-चार हात सोडले तर सगळे वर होते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने या चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. पापलेटसाठी नावाजलेलं सातपाटी बंदर आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. मग काय, सहल ठरली.

आमचं बेटेगाव बोईसरच्या शेजारी. नावात बेट आहे म्हणून इथे समुद्र शोधू नका. दिसतील ती शेतं, चाळी आणि लांबवर तारापूरच्या कारखान्यांची धुरांडी. बोईसरला गाडीत बसलो, मधलं उमरोळी गेलं की पालघर. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले काशिनाथ पागधरे हे सातपाटीचे. हुतात्मा स्तंभाला नमस्कार करून आम्ही एस.टी.त बसलो. शिरगाव मागे पडलं आणि सुक्या मासळीचा वास खिडकीतून आत आला. काहींनी नाकं दाबली, काहींनी जोरात श्वास घेतला!

बंदरात पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. मोठमोठ्या बोटी चिखलात कलून बसल्या होत्या. बाजूंना जुने टायर टांगलेले, डोलकाठीवर झेंडे, खाली जाळ्यांचे ढीग. पाण्यात असताना बोटीचा जो भाग आपल्याला दिसत नाही, तो ओहोटीत दिसतो. पोट किती फुगीर आणि बाजू किती उंच! चौथीतला एक मुलगा शेजारी उभा राहिला, तर त्याचं डोकं बोटीच्या कडेपर्यंत पोचेना.

एका कोपऱ्यात एक लहान होडी दुरुस्तीला काढली होती. माणसांची ने-आण करणारी, वारा चांगला असला की छोटं शीड लावणारी. मिस्त्री तिच्या मागच्या बाजूला स्टीलची शिडी बसवत होते. आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, "काका, एवढ्याशा होडीला शिडी कशाला? उडी मारली की आत!"

शेजारी बसलेले म्हातारे तांडेल हसले. "बाहेरून आत उडी मारता येते पोरी, पण पाण्यातून मारता येत नाही. बाई, भरती येईपर्यंत थांबता का? पोरांना दाखवतो."

आम्ही थांबलो. डबे खाल्ले. पाणी चिखलावरून हळूहळू सरकत आलं आणि कललेल्या बोटी एकेक करून सरळ झाल्या. मुलं ते बघण्यात इतकी रंगली की डब्यातल्या भाजीकडे कावळ्यांनी लक्ष दिलं!

होडी तरंगू लागली. मिस्त्रींच्या हाताखालचा तरुण अंगात तरंगतं जाकीट घालून पाण्यात उतरला. शिडी अजून वर दुमडलेलीच होती. त्याने होडीची कड धरून अंग वर खेचलं. होडी त्याच्याच बाजूला कलली आणि त्याचे पाय होडीच्या पोटाखाली गेले! पुन्हा खेचलं, पुन्हा तेच. पट्टीचा पोहणारा गडी, पण तिसऱ्या खेपेला धापा टाकू लागला.

असं का होतं? पाण्यात असताना पाणी आपल्याला उचलून धरतं. अंग जसजसं बाहेर येतं, तसतसा सगळा भार हातांवर येतो, आणि वर भिजलेल्या कपड्यांचं ओझं. पायांत ताकद जास्त, पण त्यांना टेकायला काहीच नसतं. मग तांडेलांनी दोरीची शिडी टाकली. पाय ठेवताच तीही झुलत होडीखाली गेली.

"आता ती दोरी ओढ," तांडेल म्हणाले. मागे लोंबणारी छोटी दोरी तरुणाने पाण्यातूनच ओढली. स्टीलची शिडी उलगडून खाली आली. तिच्या खालच्या दोन पायऱ्या पाण्यात बुडल्या. त्याने एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि जिना चढावा तसा आत! मुलांनी टाळ्या पिटल्या.

शिडी मागेच का, हे मिस्त्रींनी सांगितलं. बाजूने चढलं तर होडी कलते, मागून चढलं तर तेवढी कलत नाही. बोल्ट आरपार घालून आतून लाकडी ठोकळा लावायचा, नाहीतर माणसाच्या भाराने फळीच उखडते. एरवी शिडी दुमडून ठेवायची, कारण ती पाणी अडवते. इंजिन असेल तर शिडी पंख्यापासून लांब, आणि माणूस जवळ येण्याआधी इंजिन बंद. शीड असेल तर ते सैल सोडायचं, नाहीतर होडी वाऱ्याबरोबर निघून जाते. मला सगळ्यात आवडली ती लोंबती दोरी. होडीत दुसरं कुणी नसलं, तरी शिडी खाली आली पाहिजे ना! युरोपात २०१३ च्या नियमांत नेमकं हेच लिहिलं आहे: वर चढण्याचं साधन पाण्यातल्या माणसाला कुणाच्या मदतीशिवाय वापरता आलं पाहिजे.

अर्थात पहिली काळजी पडू नये याची. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे एकटे दर्यावर्दी कमरेचा पट्टा दोरीने नौकेला अडकवून काम करतात. फ्रान्सचे एरिक ताबार्ली तर जगप्रसिद्ध. १९९८ मध्ये रात्री शिडाचं काम करताना ते समुद्रात पडले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता.

निघताना मी तांडेलांना विचारलं, ही शिडी कुणी सुचवली? ते थोडा वेळ गप्प राहिले. "माझा चुलतभाऊ एकटाच होता होडीत," ते म्हणाले. "पडला, पोहत परत आला, होडी धरली. चढता आलं नाही. हात सुटेपर्यंत धरून होता."

मुलं एकदम शांत झाली. मिस्त्रींनी शेवटचा नट आवळला आणि शिडीवर स्वतः उभं राहून दोनदा जोर देऊन पाहिला.

तुम्हाला सातपाटी बघायचं असेल तर तिथल्या माणसांना भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा-साडेबारा तास जातात, त्यामुळे वेळ रोज बदलते. ओहोटीला पोचा आणि पाणी चढेपर्यंत थांबा, म्हणजे दोन्ही दिसेल. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी घरी असतात आणि माणसं जाळी विणत बसलेली भेटतात. आणि हो, डब्यावर झाकण घट्ट लावा. तिथले कावळे फार हुशार आहेत!