एस्केप दाबल्यावर

कंट्रोल आणि के एकत्र दाबलं की स्क्रीनच्या मधोमध चौकट उघडते. दोन-तीन अक्षरं टाइप केली की हवी ती कमांड वर येते, एंटर मारला की काम फत्ते. हिला कमांड पॅलेट म्हणतात. ईमॅक्सवाले नाव टाइप करून कमांड बोलवायला फार पूर्वीपासून सरावलेले; पण ही चौकट घरोघरी नेली ती २०११च्या सुमारास सब्लाइम टेक्स्टने आणि पुढे व्हीएस कोडने.

बिलिंगच्या अ‍ॅपमध्ये ‘तसलं काहीतरी’ हवं, असं क्लायंट म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चौकटीचं उघडणं असतं. ते दुपारभरात जमतं. माझा वेळ जातो तो तिच्या मिटण्यात.

दुकानातला माणूस बिल करतोय. कर्सर पाचव्या ओळीतल्या नगांच्या रकान्यात आहे. मध्येच गिऱ्हाइकाची मागची बाकी बघायला त्याने चौकट उघडली, बघितली, एस्केप दाबलं. आता कर्सर कुठे असावा? त्याच रकान्यात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ब्राउझरमध्ये ज्या खोक्यात फोकस आहे ते खोकंच नाहीसं झालं, तर फोकस कुठल्याच रकान्यात उरत नाही. माणूस मान खाली घालून बारा टाइप करतो आणि ते बारा हवेत जातात. म्हणून उघडण्याआधी फोकस कुठे होता ते टिपून ठेवायचं. डायलॉग हा एचटीएमएलचा टॅग मोडल म्हणून उघडला तर हे स्वतःच सांभाळतो, शिवाय बाहेर केलेलं क्लिक खालच्या बटणापर्यंत पोचू देत नाही. तरी लोक डिव्ह रचत बसतात, का ते देव जाणे. मात्र दिलेली कमांड ‘ही ओळ काढा’ अशी असेल, तर परतायला जागाच नसते. तिथे टॅगचं काही चालत नाही. मी शेजारच्या ओळीत, त्याच रकान्यात नेऊन सोडतो.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांची आणखी एक गंमत. फोनेटिक कीबोर्डवर शब्दांचे पर्याय समोर आले असताना मारलेला एंटर शब्द पक्का करण्यासाठी असतो, एस्केप ते पर्याय घालवण्यासाठी. चौकटीने त्यात नाक खुपसलं, की शब्द पुरा होण्याआधीच भलतीच कमांड चालते. शब्द अजून जुळवला जातोय का हे सांगणारं ब्राउझरचं ‘इझकंपोझिंग’ तपासलं की बहुतेक ठिकाणी भागतं; सफारीत तेवढ्याने भागत नाही, तिथे २२९ हा जुना कीकोडही बघावा लागतो. फक्त इंग्रजीत टाइप करून चाचणी घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

राहिला प्रश्न पुन्हा उघडण्याचा: मागे टाइप केलेला मजकूर ठेवायचा की पुसायचा? मी ठेवतो, पण सगळा सिलेक्ट करून. तेच हवं असेल तर एंटर, नाहीतर सरळ नवं टाइप करायचं. टीममधल्या काहींना रिकामी चौकटच बरी वाटते. दर नव्या अ‍ॅपला हा वाद आम्ही पहिल्यापासून घालतो.